टाचेखालची फळी

सुमनताई, समितीचे अध्यक्ष, केंद्रातले सहकारी, आणि गायकवाडांनी केलेल्या पायांवर चालत आज इथवर आलेली सगळी मंडळी,

आधी बसून घ्या. उभं राहून ऐकायची गरज नाही. मागे भिंतीपाशी खुर्च्या आहेत, त्या ओढून घ्या.

मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. वेळेचं महत्त्व मला कोणी शिकवायला नको. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना मी उशिरा आल्याबद्दल कधी ना कधी बोललेली आहे. पण आज सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. माझ्या आधी चारजण बोलले. गायकवाड शांत होते, मनमिळाऊ होते, त्यांच्या हातात कसब होतं. सगळं खरं आहे. मीही तसंच लिहून आणलं होतं. ते मी वाचणार नाही.

गायकवाड मागच्या मंगळवारी सकाळी गेले. नाशिक रोडच्या बसस्टॉपवर, हातात डबा असताना. इकडे केंद्रात आम्हाला काहीच माहीत नव्हतं. पावणेदहा वाजले, तरी ते आले नाहीत. मी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे लाल खूण केली. अकरा वर्षांतली पहिली. ती खूण अजून तशीच आहे. खोडायची कशी, तेही मला कळलेलं नाही.

माझ्या पर्समध्ये एक पत्र आहे. केंद्राच्या समितीला लिहिलेलं. आठवडाभरात पाच वेळा लिहिलं, पाच वेळा फाडलं. ही सहावी प्रत. तिच्यावर अजून सही केलेली नाही.

आत येताना तुम्ही सगळ्यांनी दाराशी चपला काढल्या. तिथे चपलांजवळ पायरीवर एक बाई बसलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या शेवंताबाई. मखमलाबादकडे त्यांचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या केसपेपरवर मी एक शब्द लिहिला होता. निष्काळजीपणा. हे पत्र तो शब्द परत घेण्यासाठी आहे.

मग सही का होत नाही? कारण तो शब्द परत घ्यायचा, तर गायकवाडांबद्दल एक गोष्ट सांगावी लागते. आणि गायकवाड आता उत्तर द्यायला नाहीत. शोकसभेत गेलेल्या माणसाबद्दल असं काही बोलावं का? मला माहीत नाही. तुम्हीच ऐका.

चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपानंतरच्या वर्षी त्र्यंबक रोडवर आमचं पुनर्वसन केंद्र सुरू झालं. दोन खोल्या, एक लांब व्हरांडा. मी मुंबईला फिजिओथेरपी शिकून आले होते, त्यालाही तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मला कोणीतरी लोखंडातलं कळणारा माणूस हवा होता. गायकवाड मुलांना फिटरचं काम शिकवत होते, ते सोडून आमच्याकडे आले. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे विलायती पुस्तक ठेवलं. कृत्रिम पायाच्या गुडघ्याची चित्रं होती त्यात. ते अर्धा तास पानं उलटत होते. मग त्यांनी विचारलं, "बाई, हा माणूस संडासला बसतो कुठे?"

मी म्हटलं, चेष्टा नको. ते म्हणाले, चेष्टा नाही.

आमचं सगळं संशोधन त्या एका प्रश्नातून निघालं. पुस्तकातला गुडघा खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा होता. आमच्या माणसाला जमिनीवर बसायचं होतं, वाफ्यात वाकायचं होतं, बैलगाडीत चढायचं होतं. गायकवाडांनी सांधा बनवायला घेतला. पाय झुलताना हिसका बसू नये म्हणून त्यात स्टोव्हच्या पंपाचा चामडी वॉशर बसवला. तो वॉशर बोहरपट्टीच्या बाजारात मिळतो. मांडीतून पाय गेलेला माणूस आमच्याकडे त्या सांध्यावर चालायला लागला.

चालणं मोजायला आमच्याकडे यंत्रं नव्हती. छापखान्यातून उरलेल्या कागदाची रिळं आणायची. व्हरांड्यात पंचवीस फूट कागद पसरायचा. पेशंटचे दोन्ही पाय, खरा आणि खोटा, गेरूच्या पाण्यात बुडवायचे आणि त्याला चालवायचं. मग मी गुडघ्यावर बसून एकेक पाऊल पट्टीने मोजायची. गायकवाड ओळंबा धरायचे. गवंड्याचाच ओळंबा. कमरेपासून सोडलेली दोरी गुडघ्याच्या पुढे पडली, तर पाय उभा राहतो. मागे पडली, तर गुडघा दुमडतो आणि माणूस खाली येतो. फरक बोटभराचा. त्या बोटभरासाठी आम्ही दिवसच्या दिवस घालवलेत.

आणि माझा एक नियम होता. व्हरांड्यात चपला नकोत. कागदावर माती येते, ठसे बिघडतात. हे कारण मी सांगत असे. पण खरं सांगायचं तर मी त्यावर कधी विचारच केला नव्हता. घरात शिरताना आपण काढतो, देवळात काढतो, आज इथेही काढल्या. खोट्या पायातली चप्पलसुद्धा मी काढायला लावायची. मुंबईहून डॉक्टर पाहुणे आले, त्यांनीही बूट काढले. इतक्या शिकल्यासवरल्या लोकांपैकी कोणी विचारलं नाही की बाई, हा माणूस घरी जाताना काय घालून जाणार आहे?

शेवंताबाईंचा पाय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेला होता. मांडीच्या मध्यापासून काढावा लागला. आमच्या व्हरांड्यात त्या सर्वांत छान चालत होत्या. कागदावरचे त्यांचे ठसे मी नवीन पेशंटना दाखवायची. पण दर वेळी त्या तक्रार करत. एकदा म्हणाल्या, "बाई, तुमच्या फरशीवर हा पाय लय गुणाचा हाय. मळ्यात गेला की माहेरी पळतो."

गायकवाड हसले. मी हसले नाही. मी वहीत लिहिलं, सराव कमी.

पुढच्याच महिन्यात शेवंताबाई फुलांची पाटी घेऊन बाजारात निघाल्या. पायात चांभाराकडून मुद्दाम करून घेतलेली चप्पल होती, मागे पट्टा असलेली, जाड टाचेची. चालता चालता गुडघा दुमडला. त्या उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं. ते नीट बसलं नाही. ज्या हाताने त्या माळा ओवायच्या, तो हात वाकडा झाला.

समितीने कारण विचारलं. ते योग्यच होतं. मी कागद पाहिले, ओळंब्याचे आकडे पाहिले. सगळं बरोबर होतं. मग चूक कोणाची? मी अहवाल लिहायला बसले, तेव्हा गायकवाड दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, एकदा त्यांना चप्पल घालून चालवून बघू का?"

मी मान वर केली नाही. म्हटलं, "गायकवाड, फरशीवर चपला नकोत. कागद खराब होतात."

ते म्हणाले, "बरं."

एवढंच. मी लिहिलं, रुग्णाने सांगितलेला सराव केला नाही, पडण्यास रुग्णाचा निष्काळजीपणा कारणीभूत आहे. शुक्रवारी अहवाल गेला. निष्काळजी पेशंटचा पाय परत घ्यायचा आणि दुसरा द्यायचा नाही, असा केंद्राचा नियम होता. तोही मीच केलेला. शेवंताबाईंचा पाय त्याच दिवशी परत जमा झाला. त्या कुबड्या घेऊन गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. मी त्यांची केस बंद केली.

आता या आठवड्याचं सांगते.

गुरुवारी मी गायकवाडांच्या घरी सुमनताईंना भेटायला गेले. त्यांनी एक वही आणि कागदाचं एक रीळ माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, केंद्राचं असेल, घेऊन जा. मी ते तिथेच, त्यांच्या चाळीच्या पॅसेजमध्ये उलगडलं. पॅसेजमध्येच, कारण खोलीत तेवढी जागा नव्हती. आणि उलगडल्यावर लक्षात आलं की ते ठसे तिथेच, त्याच पॅसेजमध्ये घेतलेले आहेत.

त्या कागदावर ठशांच्या दोन ओळी होत्या. एक अनवाणी. दुसरी चपलांची. दोन्ही शेवंताबाईंच्या. ती पावलं मी कुठेही ओळखेन. चपलांच्या ओळीखाली गायकवाडांच्या अक्षरात लिहिलं होतं: टाच पाऊण बोट, ओळंबा गुडघ्याच्या मागे.

पाऊण बोट टाच वर गेली की पोटरी पुढे झुकते आणि गुडघा पुढे सरकतो. मग दोरी मागे पडते आणि पाय दुमडतो. हे मला कळायला मिनिटभरही लागलं नाही. मी शिकलेली आहे. मला ते नऊ वर्षांपूर्वीही मिनिटभरात कळलं असतं, मी मान वर केली असती तर. चूक शेवंताबाईंची नव्हती. गायकवाडांच्या सांध्याचीही नव्हती. आम्ही पाय बसवला अनवाणी माणसासाठी आणि दिला चप्पल घालणाऱ्या माणसाला. चूक माझ्या दारातल्या नियमाची होती.

वहीत तारीख होती. माझा अहवाल शुक्रवारी गेला, हे ठसे त्यानंतरच्या रविवारचे. म्हणजे गायकवाडांनी आदल्या दिवशी माझ्या कपाटातून तो जमा केलेला पाय नेला, सुट्टीच्या दिवशी मखमलाबादला जाऊन शेवंताबाईंना नाशिक रोडला आपल्या घरी आणलं, पाय बसवला, चालवून पाहिला आणि सोमवारी तो पुसून जागेवर ठेवला. मला न विचारता. अकरा वर्षांत त्यांनी मला न विचारता स्क्रूसुद्धा घेतला नाही, असं मी परवापरवापर्यंत लोकांना सांगत होते.

त्याच पानावर खाली, कामाच्या यादीत, एक ओळ आहे. "बाईंना दाखवणे."

गायकवाडांची एक पद्धत होती. झालेल्या कामापुढे ते बरोबरची खूण करत. वॉशर आणणे, खूण. पट्टा शिवणे, खूण. त्या पानावर सगळीकडे खुणा आहेत. "बाईंना दाखवणे" याच्यापुढे नाही.

का नाही?

तेव्हापासून मी हेच विचारते आहे. ते त्या सोमवारी माझ्याकडे आले होते का? मला असं आठवतं की ते टेबलासमोर उभे होते आणि त्यांच्या काखेत कागदाचं रीळ होतं. मी म्हटलं, काय आहे? ते म्हणाले, काही नाही, बाई. असं मला आठवतं. पण खरंच आठवतं की गुरुवारपासून मी ते रचलं आहे, हे मला सांगता येत नाही. त्यांच्या काखेत रीळ तर रोजच असायचं.

मी सुमनताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं असंच आम्ही धरून चाललो. हे म्हणाले होते, बाईंना सांगतो." मग त्या म्हणाल्या, शेवंताबाई तर कितीतरी रविवार यायच्या आमच्याकडे. दुसरा पाय इथेच तर केला.

दुसरा पाय. तोही मला माहीत नव्हता. मी केस बंद केली आणि गायकवाडांनी ती घरी उघडी ठेवली.

आणि त्यानंतर काय केलं? केंद्रातली सगळी मंडळी ती फळी ओळखतात. लाकडाची छोटी फळी. गायकवाड नवीन पाय बसवताना पेशंटच्या दोन्ही टाचांखाली फळी सरकवायचे आणि मग ओळंबा धरायचे. प्रत्येक पेशंटची फळी वेगळी, कोणाची जाड, कोणाची पातळ. मी विचारलं होतं, हे काय? म्हणाले, सरावासाठी, बाई. मी म्हटलं, ठीक आहे, पण धुऊन ठेवत जा. आज मला कळतं की प्रत्येक फळी म्हणजे त्या त्या पेशंटच्या चपलेची टाच होती. ती चप्पल बाहेर, दाराशी होती. ते बाहेर जाऊन ती मोजून येत. माझा नियम मोडला नाही. नियमाच्या खाली फळी सरकवली.

आणखी एक सांगते, म्हणजे सगळं सांगून होईल. मुंबईच्या परिषदेत मी आमच्या कामावर निबंध वाचला. गायकवाड मागच्या रांगेत स्लाइड लावत होते. कोणीतरी विचारलं, ही फळी कशासाठी? मला कारण माहीत नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडे जमीन उंचसखल असते, त्याची सवय व्हावी म्हणून. टाळ्या पडल्या. परतताना कल्याणला आम्ही चहा घेतला. मी म्हटलं, चांगलं झालं, नाही? गायकवाड म्हणाले, "छान झालं, बाई. आवाज मागेपर्यंत येत होता."

ते मला हसत होते का? सांगा तुम्ही. सुमनताई, तुम्ही त्यांच्याबरोबर संसार केलात, तुम्ही सांगा. ते मला घाबरत होते? मला सांभाळून घेत होते? की या बाईला काही सांगण्यात अर्थ नाही, असं त्यांनी त्या "बरं"मध्येच ठरवून टाकलं होतं? कधी मला त्यांचा राग येतो. अहो, नऊ वर्षं! रोज साडेचारला समोरासमोर बसून चहा घेतला आपण. एक वाक्य बोलायला काय हरकत होती? एका बाईच्या कागदावर खोटं लिहिलेलं राहिलं, ते मी एका दिवसात पुसलं असतं. आणि मग वाटतं, पुसलं असतं का मी? खरंच? मला खात्री देता येत नाही. त्यांनाही देता आली नसेल.

मघाशी आत येताना मी दाराशी थांबले. शेवंताबाईंना मी मनगटावरून ओळखलं. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "बाई, जा तुम्ही आत. चपलांवर ध्यान ठेवते मी." मी म्हटलं, तुम्ही का येत नाही? तर म्हणाल्या, "ही काढली की मी मागं जाते. गायकवाड मास्तरांनी हिच्यासकट पाय बसवलाय."

मी त्यांना विचारलं, तेव्हा का पडलात, हे गायकवाडांनी तुम्हाला सांगितलं होतं का?

त्या म्हणाल्या, "सांगितलं ना, चालवून बघितलं त्याच दिशी. म्हणले, पाय चुकला होता, तू नाय."

मी विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाले?

"तुमचं काय नाय म्हणले."

म्हणजे जिला सांगणं गरजेचं होतं, तिला त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं. मला सांगितलं नाही. यातलं पहिलं त्यांनी बरोबर केलं. दुसरं बरोबर केलं की चूक, ते मला कळत नाही आणि मला वाटतं यापुढेही कळणार नाही. ज्याला विचारायचं, तो माणूस गेला.

हे सगळं ऐकून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, गायकवाडांनी लपवलं. मला त्याचीच भीती होती. म्हणून सही होत नव्हती. पण आत्ता तुमच्यासमोर बोलताना एवढं दिसतं आहे की त्यांनी काही लपवलं नाही. फळी रोज माझ्या डोळ्यांसमोर होती. मी विचारलंही होतं. मिळालेल्या उत्तरावर मी समाधान मानलं, कारण ते ऐकायला सोपं होतं.

अध्यक्षसाहेब, तुमचं पेन द्या जरा. माझं चष्म्याच्या डबीबरोबर घरी राहिलं.

झाली सही. हे घ्या पत्र. दोन गोष्टी लिहिल्या आहेत. शेवंताबाईंच्या कागदावरचा तो शब्द मी परत घेते आहे, कारणासकट. आणि फळीची पद्धत गायकवाडांची आहे, माझी नाही. उद्या कार्यालयात नोंद करून मला पोच पाठवा. उद्याच.

आता दोन मिनिटं शांत उभं राहायचं, असा कार्यक्रमात शेवटचा भाग आहे. ती दोन मिनिटं आज आपण घड्याळावर मोजायची नाहीत.

दाराशी उभे आहात ना, ते कार्यकर्ते, जरा बाजूला व्हा. त्यांना वाट द्या. गायकवाडांच्या फोटोसमोर, सुमनताईंच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. दारापासून तिथपर्यंत साधारण पंचवीस फूट अंतर आहे. मला नजरेने कळतं, आयुष्यभर तेवढंच मोजलं. ज्यांना उभं राहता येतं त्यांनी उभं राहावं. शेवंताबाई तेवढं अंतर चालून खुर्चीत बसेपर्यंत कोणी बोलायचं नाही. त्या आपल्या गतीने चालतील. मदत करायला कोणी पुढे होऊ नये, त्यांना गरज नाही.

गायकवाड, तुमची ती ओळ मी वाचली. खूण मात्र मी करणार नाही. ती तुमची वही आहे.

शेवंताबाई, उठा. चपलांकडे कोणी बघणार नाही. या आत.

चप्पल घालून या.